सोयाबीनच्या मुळाशी असलेली विद्यापीठे

विकासासाठी विद्यापीठे देशोदेशी देवघेव करतात तेव्हा एका बाजूने प्राध्यापक जातात, दुसऱ्या बाजूने विद्यार्थी आणि तरुण शिक्षक येतात. त्यांच्याबरोबर पुस्तके, उपकरणे आणि बियाण्यांच्या पुड्याही ये-जा करतात. पुढे कराराची मुदत संपते आणि पाहुणे आपापल्या गावी परततात. मागे काय उरले, यावर अशा कार्यक्रमाचे मोल ठरते. ते दोन-चार वर्षांच्या अहवालांत दिसत नाही, त्यासाठी लांबचा पल्ला पाहावा लागतो. असे साठ वर्षांच्या पल्ल्याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या हाताशी आहे. ते म्हणजे सोयाबीन.

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक ऐन भरात असते. आडतीपुढे ढीग लागलेले असतात. खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढतो, तळहातावर पसरून काडीकचरा आणि डागी दाणा पाहतो, दाताखाली एखादा दाणा फोडतो. शेजारी ओलावा मोजण्याचे यंत्र असते. आकडा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो. पट्टी हातात पडली की उधारी, मुलांची फी आणि सणाचा बाजार यांचा हिशेब तिथल्या तिथे सुरू होतो. महाराष्ट्रात आज चाळीस लाखांहून अधिक हेक्टरांवर हे पीक उभे राहते. मराठवाडा आणि विदर्भातल्या कोरडवाहू घरांचा संसार बराचसा त्यावर चालतो. हे पीक इथवर आले त्या वाटेवर पंतनगर, जबलपूर आणि अमेरिकेतले अर्बाना या तीन गावांतली विद्यापीठे लागतात.

सरकारी जमिनीतून उभी राहिलेली विद्यापीठे

अर्बानाचे इलिनॉय विद्यापीठ १८६७ साली स्थापन झाले. त्यामागे १८६२चा मॉरिल कायदा होता. या कायद्याने प्रत्येक राज्याला, संसदेतल्या त्याच्या दर प्रतिनिधीमागे तीस हजार एकर याप्रमाणे, सरकारी जमीन दिली. तिच्या उत्पन्नातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढावीत, अशी अट होती. १८८७च्या हॅच कायद्याने या महाविद्यालयांना प्रयोगक्षेत्रे जोडली गेली आणि १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने गावोगाव फिरणारे विस्तार कार्यकर्ते मिळाले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छपराखाली आली. शेतकऱ्याची अडचण विस्तार कार्यकर्त्याने आणायची, संशोधकाने तिच्यावर वाफ्यात काम करायचे आणि निघालेले उत्तर वर्गात शिकवायचे, अशी ती रचना होती.

स्वातंत्र्यानंतर भारतात शेतीशिक्षणाची महाविद्यालये होती, पण ती सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली होती. संशोधन केंद्रे कृषी खात्याकडे होती. शिकवणाऱ्याच्या हाती प्रयोगाचे शेत नव्हते आणि प्रयोग करणाऱ्यासमोर विद्यार्थी नव्हता. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. त्याच वर्षी २० जानेवारीला अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी शपथविधीच्या भाषणात तांत्रिक साहाय्याचा चौथा मुद्दा मांडला आणि अशा मदतीला राजकीय आधार मिळाला. १९५५ साली आणि नंतर १९५९-६० मध्ये भारतीय-अमेरिकी संयुक्त पथकांनी इथल्या शेतीशिक्षणाची पाहणी केली. दरम्यान इलिनॉयचे एच. डब्ल्यू. हॅना यांनी तेव्हाच्या उत्तर प्रदेशातल्या तराईत उभारायच्या विद्यापीठाचा आराखडा तयार केला. १७ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पंतनगरच्या कृषी विद्यापीठाचे उद्घाटन झाले.

पुढच्या काही वर्षांत सहा अमेरिकी विद्यापीठांनी भारतातल्या राज्यांशी जोड्या बांधल्या. पंजाब आणि राजस्थानकडे ओहायो स्टेट आले, ओरिसाकडे मिसुरी, आंध्रकडे कॅन्सस स्टेट, म्हैसूरकडे टेनेसी. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आले. राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ साली राहुरीला सुरू झाले. त्यानंतर १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली ही विद्यापीठे निघाली. इलिनॉयने पंतनगरबरोबरच जबलपूरच्या, १९६४ साली स्थापन झालेल्या, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाशीही नाते जोडले.

करार चालायचा कसा

पैसा अमेरिकी सरकारच्या विकास संस्थेकडून येई, पण माणसे निवडणे आणि काम पाहणे विद्यापीठाकडे असे. कृषिविद्या, पशुवैद्यक, कृषी अभियांत्रिकी, विस्तारशिक्षण अशा विषयांचे अमेरिकी प्राध्यापक कुटुंबासह दोन-दोन वर्षे येऊन आवारातच राहत. त्यांचा हुद्दा सल्लागाराचा असे. नेमणुका, अंदाजपत्रक आणि निर्णय भारतीय कुलगुरूंच्या हाती असत. प्रत्येक सल्लागाराला त्याच विषयाचा एक भारतीय सहकारी जोडून दिलेला असे. सल्लागार परत गेल्यावर काम या सहकाऱ्याच्या खांद्यावर यायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असे.

उलट्या दिशेने भारतीय शिक्षक जात. निवड झालेला तरुण व्याख्याता एम.एस. किंवा पीएच.डी.साठी अर्बानाला पोहोचे. ग्रंथालयाइतकाच वेळ तो प्रयोगाच्या शेतात घालवी. कापणी, मोजणी आणि नोंद ही कामे प्राध्यापक स्वतः करतात, हे त्याला रोज दिसे. भारतात तेव्हा शेतातले काम मजुराचे आणि वहीतले काम साहेबाचे अशी विभागणी घट्ट होती. ती मोडणे हा या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमात न छापलेला, पण फार मोठा भाग होता. परतलेल्या शिक्षकाने गमबूट घालून विद्यार्थ्यांबरोबर चिखलात उतरावे, अशी नव्या विद्यापीठांची अपेक्षा असे.

शिकवण्याची रीतही बदलली. वर्षाअखेरीस बाहेरच्या परीक्षकाने घेतलेल्या एकाच परीक्षेच्या जागी सत्रे, श्रेयांक आणि शिकवणाऱ्यानेच करायचे मूल्यमापन आले. पूर्वी ठरलेल्या पुस्तकापलीकडे जाण्याची शिक्षकाला सोय नव्हती, कारण पेपर दुसराच कोणी काढे. आता त्या हंगामात आवारातल्या शेतावर पडलेला रोग परीक्षेत विचारता येऊ लागला. आज महाराष्ट्राच्या चारही कृषी विद्यापीठांत रुळलेल्या सत्रपद्धतीचे मूळ या काळात आहे.

बियाणे आले, पण दिवस लहान पडला

सोयाबीन भारताला अगदीच अनोळखी नव्हते. कुमाऊँच्या डोंगरात काळ्या दाण्याचे भट आणि मध्य भारतात कालीतूर पिढ्यानपिढ्या थोड्या क्षेत्रावर पेरले जात होते. पिवळ्या दाण्याचे, भरघोस उत्पन्नाचे वाण मात्र १९६०च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या वाफ्यांत पद्धतशीरपणे तपासले गेले. इलिनॉय हे अमेरिकेतले सोयाबीनचे मोठे राज्य असल्याने तिथून आलेल्या सल्लागारांना या पिकाची जाण होती. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने आणि अठरा ते वीस टक्के तेल असलेले हे पीक डाळ आणि तेल दोन्हींची चणचण असलेल्या देशाला उपयोगी पडेल, असा विचार त्यामागे होता.

इलिनॉयचे वाण आणून पेरावेत इतके हे सोपे नव्हते. सोयाबीन हे दिवसाच्या लांबीवर फुलणारे पीक आहे. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलोऱ्यावर येते. अर्बाना साधारण ४० अक्षांशावर आहे. तिथे जूनमधला दिवस पंधरा तासांचा असतो. जबलपूर २३ अक्षांशावर आणि लातूर त्याहून दक्षिणेला, १८ अक्षांशावर आहे. उत्तरेच्या लांब दिवसांची सवय असलेला वाण इथे पेरला की झाड वीतभर वाढून लगेच फुलते आणि चार-दोन शेंगांवर संपते. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले ब्रॅग आणि ली यांसारखे वाण तपासायला घ्यावे लागले. ब्रॅग पुढे भारतात बरीच वर्षे पेरले गेले. इलिनॉयचे प्राध्यापक आपल्या राज्याचे बियाणे देऊन मोकळे झाले असते, तर हे पीक पहिल्याच हंगामात बदनाम झाले असते. त्यांनी दिलेली खरी वस्तू वाणाच्या पुडीपेक्षा वाण पारखण्याची शिस्त ही होती. नवा वाण नेहमी जुन्या ओळखीच्या वाणाशेजारी पेरायचा, तो वेगवेगळ्या वाफ्यांत पुन्हा पुन्हा घ्यायचा आणि आकडे आले तसे लिहायचे.

भारताने या शिस्तीला आपली जोड दिली. मक्यासाठी १९५७ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाची रीत सुरू झाली होती. सोयाबीनसाठी तसा प्रकल्प १९६७ साली निघाला. एकच वाण निरनिराळ्या राज्यांतल्या केंद्रांवर एकाच पद्धतीने पेरायचा, दरवर्षी सगळ्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून आकडे ताडून पाहायचे आणि कोणता वाण कोणत्या भागाला द्यायचा ते ठरवायचे, असे त्याचे काम चालते. परदेशी सल्लागार १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परत गेले, तरी या वार्षिक बैठका चालू राहिल्या.

काळी जमीन, रिकामा खरीप

पीक पसरले ते शेतकऱ्याच्या एका जुन्या अडचणीमुळे. मध्य प्रदेशातल्या भारी काळ्या जमिनी पावसाळ्यात चिकट होतात आणि पाणी धरून ठेवतात. अनेक शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवून रब्बीत गहू-हरभरा घेत. तीन-साडेतीन महिन्यांत निघणारे सोयाबीन त्या मोकळ्या हंगामात बसले आणि मागून येणाऱ्या रब्बीलाही धक्का लागला नाही. इंदूरच्या परिसरात तेल काढणारे कारखाने उभे राहिले, पेंडीला परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि शेतकऱ्याला रोख पैशाचे पीक मिळाले. विद्यापीठाने वाण दिले, कारखान्याने बाजार दिला. या दोन्हींपैकी एकट्याने हे झाले नसते.

१९९४ साली जबलपूर विद्यापीठाचा जेएस ३३५ हा वाण प्रसारित झाला. सुमारे शंभर दिवसांत तयार होणाऱ्या या वाणाने महाराष्ट्राचे शिवार व्यापले. खरीप ज्वारी, भुईमूग, मूग आणि उडदाची जागा आक्रसत गेली. इतक्या मोठ्या क्षेत्रावर वर्षानुवर्षे एकच वाण राहिल्याने किडी-रोगांचा धोकाही वाढला. त्यावरचा उपाय परदेशातून आला नाही. परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस ७१ आणि एमएयूएस ६१२ दिले, तर राहुरीच्या विद्यापीठाच्या सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रज केंद्रातून फुले संगम आला. देवघेवीतून उभे राहिलेले घर स्वतःची चूल पेटवू लागल्याची ही खूण आहे.

गोणपाट आणि गुळाचे पाणी

विद्यापीठातले ज्ञान शेतापर्यंत जाताना किती साध्या वस्तूंतून जाते, हे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही सोयाबीनच्या गावात पाहता येते. कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राचा माणूस ओसरीवर ओले गोणपाट अंथरतो. घरच्या बियाण्यातले शंभर दाणे न निवडता मोजून घेतो, दहा-दहाच्या ओळीत मांडतो, वर दुसरे ओले गोणपाट टाकतो आणि गुंडाळी करून सावलीत ठेवतो. अधूनमधून पाणी शिंपडत पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडली की चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले, तर एकरी तीस किलो बियाणे पुरते. कमी निघाले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. फारच कमी निघाले, तर ते बियाणे बाजूला ठेवायचे. सोयाबीनच्या दाण्याची साल फार नाजूक असते. पोते उंचावरून आपटले किंवा मळणीयंत्र जोरात फिरले तरी आतला कोंब दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून ही चाचणी.

दुसरे काम बियाण्याला जिवाणू लावण्याचे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणू या पिकासाठी खास असतात. ज्या रानात सोयाबीन कधी झालेच नाही, तिथे ते पुरेसे नसतात. पंतनगर-जबलपूरच्या सुरुवातीच्या काळात वाणाबरोबर जिवाणू संवर्धनही पोहोचवावे लागले ते याचसाठी. आजची रीत अशी : गुळाचे पाणी उकळून थंड करायचे, दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे पाकीट त्यात कालवायचे, दाण्यांना हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. महिन्या-दीड महिन्याने रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणू हवेतला नत्र रोपाला देत आहेत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, हे एकदा दाखवले की शेतकरी पुढच्या वर्षी स्वतः पाहतो.

जे पूर्ण रुजले नाही

अमेरिकी रचनेतले तिसरे अंग, म्हणजे विस्तार, भारतात विद्यापीठांकडे पूर्णपणे आले नाही. गावपातळीवरची यंत्रणा राज्यांच्या कृषी खात्यांकडेच राहिली. विद्यापीठाकडे प्रात्यक्षिके, मेळावे, कृषी विज्ञान केंद्रे आणि खात्याच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण एवढेच आले. त्यामुळे शेतातला प्रश्न वाफ्यापर्यंत पोहोचायला दोन कचेऱ्या ओलांडाव्या लागतात.

परतणाऱ्या माणसाचाही प्रश्न होता. परदेशात एका विषयात तयार झालेला शिक्षक परतल्यावर भलत्याच पदावर गेला, त्याला शेत मिळाले नाही, यंत्राचा सुटा भाग मिळाला नाही, तर त्याचे शिक्षण वाया जाते किंवा तो कायमचा परदेशी जातो. प्रबंधाचा विषय तिथला आणि काम इथले, ही तफावतही खोल होती. यातून धडा घेऊन पुढे अनेक कार्यक्रमांनी वेगळी रीत धरली. अभ्यासक्रम परदेशात करायचा, पण प्रबंधाचे शेतकाम मायदेशी करायचे. विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक तिकडचा आणि एक इकडचा ठेवायचा.

अर्बानाहून आफ्रिकेकडे

भारतातला करार संपल्यावर इलिनॉयने मिळालेला अनुभव गुंडाळून ठेवला नाही. १९७३ साली तिथे आंतरराष्ट्रीय सोयाबीन कार्यक्रम सुरू झाला आणि उष्ण प्रदेशांतल्या देशांना वाण व प्रशिक्षण देऊ लागला. १९७५ साली अमेरिकी परदेश साहाय्य कायद्यात भर पडून अशा विद्यापीठांना भूकनिवारणाच्या संशोधनात कायम स्थान मिळाले. त्या तरतुदीमागे इलिनॉयचेच लोकप्रतिनिधी पॉल फिंडले आणि सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री होते. त्यातून सहयोगी संशोधन कार्यक्रम निघाले आणि २०१३ मध्ये अर्बानाला सोयाबीन इनोव्हेशन लॅब सुरू झाली.

या प्रयोगशाळेने आफ्रिकेतल्या अनेक देशांत वाणांच्या सामाईक चाचण्या घेतल्या. मळणीचे काम त्याहून बोलके आहे. घानाच्या उत्तर भागात वाळलेली झाडे काठीने झोडपून दाणे काढण्याचे कष्ट मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात. तयार यंत्रे आयात करून वाटण्याऐवजी प्रयोगशाळेने तिथल्या वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांना अनेक पिकांना चालणारे मळणीयंत्र बनवायला शिकवले. कारागीर पत्रा कापतो, ड्रमला दाते जोडतो आणि इंजिन बसवतो. यंत्र बिघडले, तर दुरुस्त करणारा त्याच गावात असतो. कारागीर ते यंत्र विकतो आणि घेणारा भाड्याने फिरवतो, म्हणजे कार्यक्रम संपला तरी धंदा चालू राहतो.

भारतही आता नुसता घेणारा राहिलेला नाही. १९६४ साली सुरू झालेल्या भारतीय तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य कार्यक्रमातून अनेक देशांचे अधिकारी इथे प्रशिक्षणाला येतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिका आणि अफगाणिस्तानातले विद्यार्थी भारतीय कृषी विद्यापीठांत शिकतात. छोटी जमीन, लहरी पाऊस आणि तुटपुंजे भांडवल हे त्यांचे प्रश्न इथल्या शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाहीत. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरी आणि परभणीचे विद्यार्थी व शिक्षकही अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी परदेशी गेले.

पैसा थांबल्यावर

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकी सरकारने परदेशी मदत स्थगित केली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अर्बानाची सोयाबीन प्रयोगशाळा बंद झाली. नंतर एका खासगी देणगीतून कामाचा मर्यादित भाग पुन्हा सुरू करता आला. इतर अमेरिकी विद्यापीठांतल्या अशाच प्रयोगशाळांचे करारही रद्द झाले. शेतातल्या चाचण्या हंगाम पाहून चालतात, सरकारी वर्ष पाहून नाही. पीक उभे असताना निधी थांबला की वर्षभराची नोंद जाते, प्रबंध अर्धवट राहतो आणि विद्यार्थ्याचे भवितव्य टांगणीला लागते.

या घटनेच्या प्रकाशात पंतनगर-जबलपूरचा अनुभव नीट वाचता येतो. तिथेही परदेशी पैसा एक दिवस थांबला, पण तोवर कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, राज्याच्या अंदाजपत्रकातले पगार, शेकडो एकरांची प्रयोगभूमी, शिकून आलेली शिक्षकांची पिढी आणि देशभर जोडलेला समन्वित प्रकल्प उभा होता. १९६९ साली बियाणे पुरवणारे तराई विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पंतनगरचे बियाणे बाजारात नावाने ओळखले जाऊ लागले. देवघेव टिकली ती या पायावर.

म्हणून अशा कोणत्याही कार्यक्रमाची पारख करताना काही साधे प्रश्न विचारावेत. परतणाऱ्या माणसासाठी पद आणि शेत तयार आहे का? पाहुण्याबरोबर काम करणारा स्थानिक सहकारी कायम नोकरीत आहे का? चाचण्यांचा खर्च करारानंतर कोण उचलणार, हे लिहून ठेवले आहे का? शेतातला प्रश्न विषय ठरवतो, की निधी देणाऱ्याची यादी?

महाराष्ट्राला हे प्रश्न स्वतःलाही विचारावे लागतील. राज्याच्या कृषी विद्यापीठांत शिक्षक आणि संशोधकांची मोठ्या संख्येने पदे रिक्त आहेत. विद्यार्थी परदेशी पाठवणे चांगलेच आहे, पण तो परत येईल तेव्हा त्याच्या विषयाचा विभाग चालू असला पाहिजे. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक, पावसाचे लांबलेले खंड आणि काढणीच्या वेळचा पाऊस यांवरची उत्तरे बाहेरच्या ज्ञानाच्या आधाराने निघतील, पण ती परभणी, अकोला आणि राहुरीच्या वाफ्यांतच सिद्ध करावी लागतील. त्यासाठी ते वाफे कसणारी माणसे नेमणे आणि त्यांना तिथे टिकवणे, ही देवघेवीची पहिली अट आहे. ती राज्याने स्वतःच्या पैशांतून पूर्ण करायची आहे.